डाळ आपली, पोळी विकतची

कॉलेजसाठी घर सोडून शहरात राहणाऱ्या मुलामुलींनी दिवसातून एक वेळ तरी स्वतः शिजवून खावं, असं म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. वेळ नाही. घरमालक चालू देत नाहीत. मेस स्वस्त पडते. आणि शेवटी, जरा वरच्या पट्टीत : पोरगं शिकायला गेलंय, चूल फुंकायला नाही. पुण्यात शिकवत असताना ही उत्तरं मी मुलांकडून ऐकली, पालकसभेत आईवडिलांकडून ऐकली, स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांकडूनही ऐकली. त्यांतलं एकही उत्तर निखालस खोटं नाही, म्हणून तर ती इतकी वर्षं टिकली. पण या चारांतून ‘तेव्हा मुलांनी स्वयंपाकाच्या वाटेला जाऊच नये’ हा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. त्याची किंमत मुलं तब्येतीनं मोजतात.

मेसपासून सुरुवात करते, कारण विरोधी बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा तोच आहे. मेस आणि खानावळी यांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या शिकवल्या. त्याआधी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, कुणी माधुकरी मागत. पैसे मोजून ताठ मानेनं जेवण्याची सोय खानावळीनं केली. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांनी त्या कमाईवर संसार ओढले, आणि त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आजही पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत, कर्वेनगरात मेस चालवणाऱ्या मावशी पहाटे उठून पन्नास-साठ जणांची कणीक मळतात. त्यांच्या दानतीबद्दल मला शंका नाही. माझं म्हणणं त्यांच्या हिशेबाबद्दल आहे.

महिन्याचा दर ठरलेला असतो. तूरडाळ मध्येच भडकली म्हणून तो वाढवता येत नाही. वाढवला तर मुलं पुढच्या गल्लीतल्या मेसमध्ये जातात. मग कुठेतरी काटकसर करावीच लागते. पोळी कमी वाढली तर लगेच बोंब होते, भाताचंही तेच. वरण मात्र पातळ करता येतं. भाजीत बटाटा वाढवता येतो, उसळीत रस्सा वाढवता येतो. म्हणून मेसचं ताट एकदा नीट न्याहाळून पाहा. पोळी आणि भात पोट भरेल इतका. वरण आणि भाजी मोजकी, एकेक वाटी. त्या वरणात चमचा तळापर्यंत फिरवला तर चमच्याला डाळ जेमतेम लागते. वाटीभर पातळ वरणामागे २० ग्रॅम कोरडी डाळ धरली तरी ती उदारपणे धरली असं होईल, आणि तेवढ्या डाळीतून मिळणारी प्रथिनं साडेचार-पाच ग्रॅम.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेलं प्रमाण असं : वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ६५ किलोच्या तरुणाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या तरुणीला ४६ ग्रॅम. पोळीतून आणि भातातून त्यातला बराच भाग येतो हे खरं, पण धान्यातल्या प्रथिनांत जे उणं असतं ते डाळ भरून काढते, आणि नेमकी तीच ताटात कमी असते. लोहाचं चित्र याहून वाईट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये ३१ टक्के. हा दोष एकट्या मेसचा नाही, तो घरातूनच सुरू होतो. पण अकरावी-बारावीला किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शहरात आलेली मुलगी ही उणीव सोबत घेऊनच येते, आणि इथे पातळ वरण, बटाट्याची भाजी व जेवणावर लगेच चहा असा दिनक्रम लागला की ती भरून निघत नाही. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. लिंबू लागू देतं. आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात, ते चवीसाठी असलं तरी शरीराच्या दृष्टीनंही अगदी योग्य आहे.

या सगळ्यावर ‘मग रोज चौरस स्वयंपाक करा’ असं मी म्हणत नाही. इथेच या वादातली मोठी गल्लत आहे. आपल्या डोळ्यांसमोर स्वयंपाक म्हणजे पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर असं भरलेलं ताट येतं. ते एकट्या विद्यार्थ्याला दहा बाय दहाच्या खोलीत जमणार नाही हे उघड आहे, आणि ते जमणार नाही म्हणून काहीच करायचं नाही असं ठरून जातं. पण ताटातली सगळ्यांत कौशल्याची, वेळखाऊ, पोळपाट-लाटणं-तवा-आच सगळं मागणारी गोष्ट म्हणजे पोळी, आणि ती प्रत्येक पेठेत पोळी-भाजी केंद्रावर नगावर मिळते. ती खुशाल विकत घ्यावी. जी गोष्ट विकत घेताना हमखास पातळ मिळते, आणि घरी करायला सर्वांत सोपी असते, ती डाळ. तिच्या जोडीला कडधान्य, अंडं, एखादी पालेभाजी. एवढंच स्वतः करावं. माझं सगळं म्हणणं एवढ्यात येतं.

आता वेळेचं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं अभ्यासिकेत दहा-बारा तास बसतात. त्यांना वेळ नाही म्हणताना मी ऐकून घेते, पण मेसचा वेळही मोजायला हवा. अभ्यासिकेतून निघून चालत जाणं, गर्दीत जागा मिळण्याची वाट पाहणं, जेवण, बाहेर कट्ट्यावर होणारं बोलणं, परत येणं. त्यातलं बोलणं मी वाया गेलेलं धरत नाही, तेही हवं. पण ‘स्वयंपाकाला वेळ जातो आणि मेसला जात नाही’ हे खरं नाही. छोट्या राइस कुकरमध्ये खिचडीला अर्धा तास लागतो, पण हात गुंततात ते आठ-दहा मिनिटं. ती कशी, ते सांगते.

अर्धी वाटी मूगडाळ आणि अर्धी वाटी तांदूळ एकत्र धुऊन अंघोळीला जाताना भिजत घाला. परत आलात की कुकरच्या भांड्यात हे घालून त्यात मूठभर शेंगदाणे, एक गाजर किंवा मूठभर मटार, हळद, हिंग, जिरं, मीठ, आणि डाळ-तांदळाच्या चौपट पाणी. फोडणीचा हट्ट नको. वरून चमचाभर तेल मात्र नक्की सोडा, कारण डाळीला फेस येतो आणि छोट्या कुकरच्या झाकणातून तो उतू जातो. तेलानं तो दबतो. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. बटण दाबलं की तुम्ही मोकळे. भांड्यात पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी आटलं की ते चढतं आणि बटण आपोआप वर उडतं. समोर उभं राहावं लागत नाही, शिट्या मोजाव्या लागत नाहीत. बटण उडाल्यावर चिरलेला पालक वर पसरून झाकण पाच मिनिटं तसंच ठेवायचं, वाफेवर तो शिजतो. खाताना लिंबू पिळा आणि घरून आलेलं तूप किंवा मेतकूट असेल तर तेही.

या एका ताटात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात : डाळीतून चौदा, तांदळातून चार-पाच, शेंगदाण्यांतून पाच. तरुणीच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक, तरुणाच्या निम्म्याला थोडी कमी. मूगडाळ किलोला १२०-१३० रुपये धरली तर डाळ सात-आठ रुपयांची. तांदूळ, दाणे, तेल, भाजी सगळं धरून ताट पंचवीस रुपयांच्या आत बसतं. दोन वडापाव घेतले तर तेवढे किंवा त्याहून जास्तच पैसे जातात. वडापावशी माझं वैर नाही, भूक लागल्यावर तो खावा. पण रोजच्या जेवणाची जागा त्यानं घेऊ नये. व्यायामशाळेत जाणारी मुलं हजारो रुपयांचे प्रथिनांच्या पावडरचे डबे खोलीत ओळीनं मांडून ठेवतात आणि त्याच खोलीत किलोभर डाळ नसते, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

घरमालकांचा मुद्दा मी हलका लेखत नाही. शंभर वर्षं जुन्या वाड्यात लाकडी माडीवर कॉटबेसिसनं सहा मुलं राहतात तिथे जाळ पेटवायला मालकानं नाही म्हटलं तर मी मालकाच्या बाजूनं उभी राहीन. बाहेरून कुठून तरी भरून आणलेला छोटा सिलिंडर बंद खोलीत वापरणं जिवावर बेतू शकतं. इंडक्शनचंही तसंच. दोन हजार वॅटची शेगडी खोलीतल्या साध्या ६ अँपिअरच्या प्लगला लावली तर वायर तापणारच, कारण तो प्लग २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट पेलतो. अशा शेगडीला १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा. इथपर्यंत मालक बरोबर आहेत.

पण ज्या खोलीत ‘स्वयंपाक चालणार नाही’ अशी अट असते, त्याच खोलीत अंघोळीच्या बादलीत टाकायची हीटरची कांडी सर्रास चालते. ती हजार ते दीड हजार वॅटची असते. इस्त्री साडेसातशे ते हजार वॅटची. एकट्यापुरता राइस कुकर तीनशे ते पाचशे वॅटचा. अर्ध्या तासाच्या खिचडीला पाव युनिटाहून जास्त वीज लागत नाही. तेव्हा विजेचं कारण राइस कुकरला लागू पडत नाही. उरतात वास, झुरळं आणि खरकटं. या तिन्हींवर भाडेकरार करतानाच बोलता येतं : तळण नाही, खरकटं रात्री खोलीत ठेवायचं नाही, कुकर एकच आणि तोही दाखवून. अशी रीतसर विनंती केल्यावर बरेच मालक ऐकतात, असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. चोरून शेगडी वापरण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

आणि जिथे हेही चालत नाही तिथे? परभणीकडची एक विद्यार्थिनी अशाच खोलीत राहायची. रात्री मटकी भिजत घालायची, सकाळी निथळून धुतलेल्या पंच्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगायची, दुसऱ्या दिवशी मोड आलेले असायचे. त्यात कांदा, टोमॅटो, शेंगदाणे, लिंबू, मीठ. कधी पातळ पोह्यांचे दडपे पोहे, कधी दहीपोहे, कधी सातूचं पीठ ताकात कालवून. मला म्हणाली, “मॅडम, मटकीला मोड आणायला कुणाची परवानगी लागत नाही.” मी तिला एवढंच सुचवलं की मोड चांगले धुऊन, जमेल तेव्हा किटलीतल्या उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून खावेत, कच्चे मोड पोटाला कधीकधी बाधतात.

चौथं उत्तर मला सर्वांत जास्त खटकतं. पोरगं शिकायला गेलंय, स्वयंपाकाला नाही. हेच पोरगं पुढे जर्मनीला किंवा अमेरिकेला निघालं की घरातला सूर पालटतो. बॅगेत प्रेशर कुकर जातो, गोडा मसाला जातो, निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत आई त्याला वरणभाताचं, बटाट्याच्या भाजीचं, पिठल्याचं शिक्षण देते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात सामाईक स्वयंपाकघर असतं आणि सगळेच आपापलं करतात, म्हणून त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. म्युनिकमध्ये शिकताना जे अभ्यासाच्या आड येत नाही ते पुण्यात शिकताना कसं येतं? अभ्यासाचं कारण पुढे केलं जातं, पण खरी अडचण मुलाच्या हातात पळी पाहायची सवय नसण्याची आहे.

मुलींच्या आया मात्र वेगळं बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याला वजन आहे. ‘माझं आयुष्य ओट्याशी गेलं, हिचं तरी जाऊ नये. चार वर्षं तिला कुणी पोळ्या लाटायला सांगणार नाही, हेच मला हवंय.’ हे ऐकून मी गप्प होते. ज्या घरात मुलगी दहावीपासून पाच जणांचा स्वयंपाक करून शाळेत गेली, तिला शहरात गेल्यावर ताट वाढून मिळावं ही इच्छा रास्तच आहे. तरीही मी त्या आईशी थोडा वाद घालते. तिनं जे सोसलं ते दुसऱ्यांसाठी, न विचारता, सुट्टीविना करावं लागलेलं काम होतं. स्वतःच्या भुकेसाठी, स्वतःला हवं ते, हवं तेव्हा शिजवणं हे काम तसं नाही. पहिल्यातून मुलीला सोडवायचं म्हणून दुसऱ्यापासूनही तिला लांब ठेवलं तर रात्री नऊला भूक लागल्यावर तिच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि नूडल्सचं पाकीटच उरतं. आणि पहिल्यातून मुली सुटायच्या असतील तर त्यासाठी मुलग्यांना वरण लावता आलं पाहिजे. उद्या नोकरी करणाऱ्या बायकोबरोबरच्या संसारात मुलगा काय करणार आहे, ते आज वसतिगृहात ठरतं.

मार्च २०२० मध्ये हे सगळं फार क्रूरपणे समोर आलं. टाळेबंदी लागली, मेस बंद झाल्या, डबे थांबले. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षेची असंख्य मुलं खोल्यांत अडकली. पुढे मे महिन्यात त्यांना गावी जायची सोय होईपर्यंत बरीच मुलं कुणी आणून दिलेल्या अन्नाच्या पाकिटांवर जगली. किराणा दुकानं त्या काळात उघडी होती. डाळ-तांदूळ मिळत होते. ते शिजवायला भांडं नव्हतं, आणि अनेकांना ते शिजवायचं कसं हेही ठाऊक नव्हतं. असा प्रसंग रोज येत नाही, पण त्याची लहान रूपं दर महिन्याला येतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी भोजनभत्ता वर्षाला ३२,००० रुपये ठरला. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला ३,२००, म्हणजे जेमतेम मेसचा दर. त्यातला हप्ता लांबला आणि मेसचे पैसे आगाऊ द्यायचे असले की मुलं रात्रीचं जेवण सोडतात. ही मुलं वर्गात पहिल्या तासाला कशी बसतात ते मी पाहिलं आहे. त्यांच्या खोलीत दोन किलो डाळ, पाच किलो तांदूळ आणि एक कुकर असेल तर तो महिना निभावतो.

रोजच्या निवडीबद्दलही थोडं सांगते, कारण दोन वेळचं कुणी शिजवणार नाही हे मलाही माहीत आहे. बाहेर खायचं तेव्हा मिसळ ही वाईट निवड नाही. तिच्यात मटकी आहे. तर्री कमी आणि फरसाण वेगळं मागा, कुणी नाही म्हणत नाही. दुपारी चार वाजता क्रीमरोल आणि चहा घेण्याऐवजी फुटाणे-शेंगदाणे आणि केळं घ्या, पैसे तेवढेच लागतील. अंडं चालत असेल तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि किटलीतही ते उकडता येतं. नूडल्स करायच्याच असतील तर पाकिटातला मसाला निम्मा टाका आणि मागच्या बाजूला छापलेला सोडियमचा आकडा वाचायची सवय लावा. शिजवलेला भात उन्हाळ्यात तासन् तास बाहेर ठेवून रात्री खाऊ नका. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवढं लागेल तेवढंच शिजवावं.

माप शिकायला पुस्तकं आहेत. कमलाबाई ओगले यांची १९७० साली आलेली ‘रुचिरा’ वाटी-चमच्याच्या मापामुळेच नवशिक्यांच्या घराघरांत पोचली. मात्र ती मापं कुटुंबाची. ती एकट्यापुरती करून घ्यावी लागतात. कॉलेजांनी हे काम करावं असं मला मनापासून वाटतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना आपण संगणक शिकवतो, मुलाखतीची तयारी शिकवतो. त्याच आठवड्यात दोन तास राइस कुकर, एक सुरी आणि चार कडधान्यं घेऊन कुणीतरी उभं राहावं. मुलगे आणि मुली, दोघांसमोर.

वसतिगृहांकडे माझी मागणी याहून ठोस आहे. प्रत्येक मजल्यावर एक छोटी खोली असावी. तिच्यात एक ओटा, नळ, खिडकी, १६ अँपिअरचे दोन प्लग, स्वतंत्र वायरिंग आणि फ्यूज. खोल्याखोल्यांतून चोरून चालणाऱ्या शेगड्या त्यामुळे बंद होतील, आणि त्या बंद व्हाव्यात असं रेक्टरनाही वाटतं. स्वच्छतेची पाळी मुलांनी वाटून घ्यावी आणि ती मोडली तर खोलीला आठवडाभर कुलूप लावावं, हेही मला मान्य आहे. खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा फार नसेल. विद्यार्थी प्रतिनिधींनी पुढच्या सत्राच्या आधी ही मागणी लेखी द्यावी, आणि तोवर चौघांनी मिळून एक कुकर घ्यावा. बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात. तेव्हा पहिली खिचडी त्या रात्री करून पाहावी.